मिक रॉन्सन : बाजूला उभा असलेला गिटारवाला



प्रत्येकाने आवडीच्या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा मी कॉम्प्युटरवर बोलेन असं संयोजकांना वाटलं असणार. मी एका इंग्रज गिटारवादकाबद्दल बोलणार आहे. मिक रॉन्सन गेला तेव्हा 46 वर्षांचा होता. आपल्यातले बहुतेक जण आज त्याच वयाच्या आसपास आहोत.

ग्लॅम रॉक म्हणजे 1970 नंतरच्या दोन-चार वर्षांतलं इंग्लंड. चमकीचे कपडे, उंच टाचांचे बूट, पुरुषांच्या चेहऱ्यावर रंगरंगोटी. डेव्हिड बोवी हा त्यातला राजा आणि त्याच्या शेजारी गिटार वाजवणारा सोनेरी केसांचा रॉन्सन. हल नावाच्या बंदराच्या शहरात तो नगरपालिकेचा माळी होता. 1970 मध्ये बोवीच्या बँडसाठी बोलावणं आलं, तेव्हा तो रग्बीच्या मैदानावर पांढऱ्या रेघा आखत होता!

लोकांना त्याची गिटार आठवते. मला त्याचं दुसरं काम मोठं वाटतं. लहानपणी तो पियानो आणि व्हायोलिन शिकला होता. ‘लाइफ ऑन मार्स?’ या 1971 च्या गाण्यात व्हायोलिन-चेलोंची जी लाट चढत जाते, ती त्याने बांधलेली. लू रीडच्या ‘ट्रान्सफॉर्मर’चा तो बोवीबरोबर सहनिर्माता होता. त्यातल्या ‘परफेक्ट डे’चा पियानो त्याचा, तंतुवाद्यांची मांडणीही त्याचीच.

पण गाण्याखाली नाव येतं ते गीतकार-संगीतकाराचं, आणि रॉयल्टीही त्यांचीच. आपल्याला हे नवं नाही. शंकर-जयकिशनच्या कितीतरी गाण्यांचं वाद्यसंयोजन गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांचं, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? ‘कलेसाठी केलं’ म्हणून हा व्यवहार झाकू नये. तो अन्यायाचाच आहे.

3 जुलै 1973 ला बोवीने भर कार्यक्रमात त्या पर्वाचा शेवट जाहीर केला. रॉन्सनला एकट्याने तारा बनवायचा प्रयत्न झाला, तो फारसा जमला नाही. मग तो इयन हंटरबरोबर वाजवत राहिला, 1975 मध्ये बॉब डिलनच्या दौऱ्यातही होता.

1991 मध्ये यकृताचा कॅन्सर निघाला. त्यानंतरचं त्याचं वेळापत्रक बघा. 1992 मध्ये मॉरिसीच्या ‘युअर आर्सेनल’ची निर्मिती. त्याच वर्षी 20 एप्रिलला वेम्बलीच्या खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये, फ्रेडी मर्क्युरीच्या स्मृतीसाठी, बोवी आणि हंटरबरोबर वादन. बोवीच्या पुढच्या अल्बममधल्या एका गाण्यात पुन्हा त्याची गिटार. तो अल्बम एप्रिल 1993 मध्ये आला आणि 29 एप्रिलला रॉन्सन गेला. स्वतःचा अल्बम अर्धवट राहिला होता. तो मित्रांनी पुरा केला आणि 1994 मध्ये ‘हेवन अँड हल’ या नावाने काढला.

हलच्या ईस्ट पार्कमध्ये आज एका भल्यामोठ्या गिटारचं शिल्प आहे, या माळ्याच्या आठवणीत.

साउंडवाल्या दादांना विनंती, ‘लाइफ ऑन मार्स?’ लावा. गायकाकडे जरा दुर्लक्ष करा, मागची व्हायोलिनं ऐका. अगदी शेवटी फोन वाजेल. तो स्टुडिओतला आहे, रेकॉर्डिंगमध्ये तसाच राहिलेला. आपापल्या पर्समध्ये शोधू नका.