तो शेतांतून चालत गेला

(योम हझिकारोनपूर्वीच्या आठवड्यात आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



व्यवस्थापक मंडळाने मला एखाद्या देशभक्तिपर नाटकाविषयी बोलण्याची आज्ञा केली. मी नाट्यसमीक्षक नव्हे. परंतु एका नाटकाने माझ्या मनात फार वर्षे घर केले आहे, त्याविषयी आपल्यापुढे मन मोकळे करतो. ते नाटक म्हणजे मोशे शामीर यांचे ‘हू हालख बासादोत’. मराठीत सांगायचे तर, ‘तो शेतांतून चालत गेला’.

१४ मे १९४८ रोजी राज्याची घोषणा झाली. त्यानंतर अवघ्या १७ दिवसांनी, ३१ मे रोजी, तेल अवीवच्या कामेरी नाट्यसंस्थेने हे नाटक रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन योसेफ मिलो यांचे होते. नायक उरीचे काम इम्मानुएल बेन आमोस यांनी आणि मीकाचे हाना मरोन यांनी केले. शहरावर शत्रूची विमाने येत होती. प्रेक्षकांत असे आईबाप होते, ज्यांची मुले त्याच घटकेला आघाडीवर लढत होती. त्यांच्यासाठी पुढ्यातला खेळ म्हणजे करमणूक नव्हती. तो त्यांच्याच घरचा प्रसंग होता.

कथा थोडक्यात अशी. उरी हा किबुत्झमध्ये जन्मलेला आणि वाढलेला तरुण. कदुरीच्या शेतकी शाळेतून शिक्षण संपवून तो घरी येतो. पण घर पूर्वीचे राहिलेले नाही. वडील विली आणि आई रुत्का यांच्यात दुरावा आला आहे, आणि बाप पुन्हा घराबाहेर पडण्याच्या तयारीत आहे. तेथे उरीला मीका भेटते. ती युरोपातल्या आगीतून वाचून तेहरानमार्गे आलेली पोरकी मुलगी. ‘तेहरानची मुले’ म्हणून प्रसिद्ध असलेली ती शेकडो बालके १९४३ साली जहाजाने निघाली, तेव्हा वाटेत कराचीला उतरली होती. म्हणजे आपल्या त्या वेळच्या हिंदुस्थानच्या मातीलाही त्यांचे पाय लागले. उरी आणि मीका एकमेकांचे होतात. इतक्यात पालमाखची हाक येते. उरी जातो, आणि परत येत नाही. मागे राहते मीका, तिच्या उदरातले मूल, आणि रुत्का.

या नाटकाला देशभक्तिपर म्हणतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचे मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. लेखकाने वीराचे घर झाकून ठेवले नाही. बाप कर्तव्यदक्ष आहे, पण घरात परका झाला आहे. मुलगा शूर आहे, पण ज्या स्त्रीवर प्रेम करतो तिच्याशी दोन घटका निवांत बोलणे त्याला जमत नाही. देशासाठी प्राण देणे त्याला जमले; घरच्यांना वेळ देणे जमले नाही. असे म्हणण्याचे धैर्य, आणि तेही युद्ध चालू असताना, सोपे नव्हे.

मूळ कादंबरी १९४७ सालची. ती लिहिली तेव्हा हे दुःख शामीर यांच्या दृष्टीने कल्पनेतलेच होते. जानेवारी १९४८ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ एलिक वाहनांच्या तांड्याचे रक्षण करताना मारला गेला. म्हणजे पडदा वर गेला त्या रात्री लेखक स्वतःच शोकाकुल घरातला होता. पुढे १९५१ साली त्यांनी ‘बमो यादाव’ हे पुस्तक त्या भावावरच लिहिले.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. आपल्या मराठीत ‘गेला’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हिब्रूतही ‘हालख लेओलामो’ म्हणजे परलोकी गेला. म्हणूनच आपल्या घरांत उंबरठा ओलांडताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो.

१९७३ सालच्या योम किप्पूरला, ज्याला आपले पूर्वज कोकणात दारफाळणीचा सण म्हणत, मी २६ वर्षांचा होतो. दारे लावून देवापुढे बसण्याचा तो दिवस. पण त्या दुपारी भोंगे वाजले आणि सगळ्या गावाची दारे उघडली. मी सिनेगॉगमधून तसाच धावत निघालो. आई पांढरे पातळ नेसून पायरीशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिले, पण बोललो नाही. ‘येतो’ एवढा शब्दही तोंडातून निघाला नाही. माझ्याबरोबर आमच्याच गल्लीतला माझा मित्र होता.

तीन महिन्यांनी मी परतलो. तो परतला नाही. आईने मला जवळ घेतले आणि म्हणाली, “बाळा, तू येतो म्हणाला नाहीस. तेवढ्यासाठी मी एक रात्र नीट झोपले नाही रे.”

त्याहून मोठी लाजेची गोष्ट पुढे आहे. मित्राचे घर आमच्या घरापासून चार दारांवर. वर्षभर मी त्या दारापुढून मान खाली घालून गेलो. मी जिवंत आलो याचाच मला अपराध वाटे. शेवटी एके दिवशी त्याच्या आईनेच मला हाक मारली. तिने गाऱ्हाणे केले नाही. एवढेच विचारले, “गाडीत तो काय बोलत होता रे?” मी म्हणालो, “मावशी, उपवास सोडायला तुम्ही केलेल्या पुऱ्या राहून गेल्या, म्हणत होता.” ती माउली आधी हसली आणि मग रडली. ते एक वाक्य मी वर्षभर माझ्यापाशी दाबून ठेवले होते. ते तिचे होते.

पुढे हे नाटक वाचताना शेवटाशी मला त्या दोन बायकाच दिसल्या, मीका आणि रुत्का. गेलेल्याचे जे काही मागे उरते, ते जपणाऱ्या त्याच असतात.

आपला समाज सैनिकांचा आहे. मुंबईच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि कृतज्ञतेने त्यांनी १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग, शआर हारहामीम, बांधले. जो परत येतो त्याच्यावर ऋण असते, ही शिकवण आपण तेथूनच घेतलेली आहे.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. पुढच्या आठवड्यात आपण कबरींवर फुले वाहू, कद्दीश म्हणू. परंतु त्यानंतरच्या आठवड्यातही त्या घरांची कडी वाजवा. आपल्यापाशी त्या मुलाची एखादी आठवण असेल, अगदी पुऱ्यांची का असेना, ती त्याच्या आईला नेऊन द्या. आणि ज्यांची मुले आज गणवेशात आहेत, त्यांनी मुले सुट्टीवर येतील तेव्हा टीव्ही बंद करून त्यांच्याशी बोलावे.

या उन्हाळ्यात माझा थोरला नातू सैन्यात दाखल होईल. त्याला मराठी फारशी येत नाही. मी त्याला एक शब्द शिकवला आहे, आणि दारातून निघताना तो आजीला म्हणायचाच, अशी ताकीद दिली आहे.

इस्राएलचा रक्षणकर्ता आपल्या सर्व मुलांना जाताना आणि येताना सांभाळो. आमेन.