नालदेहऱ्याचे देवदार

गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही शिमल्याहून बावीस-तेवीस किलोमीटरवरच्या नालदेहऱ्याला गेलो, ते तिथल्या देवदारांसाठी. समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून अधिक उंचीवर, भर जंगलात अठरा होल्सचं हे मैदान आहे. सपाट म्हणावी अशी जागा मोजकीच.

१८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनला या जागेनं वेड लावलं. १९०४ साली जन्मलेल्या धाकट्या मुलीच्या नावातही त्यानं ‘नालदेरा’ घातलं! गावाचं नाव मात्र नागदेवाच्या ठाण्यावरून आलेलं. ते देऊळ आजही मैदानातच आहे. साहेब गेले, देव आहे तिथेच आहे.

माझ्याबरोबर एक कॅडी होता, जवळच्याच गावचा. म्हणाला, “हवा विरळ आहे साब, चेंडू लांब जातो. नवे लोक दरीत घालवतात.” समोरचाच एक खेळाडू वाटेतल्या झाडावर चिडला होता. झाड तोडायला हवं, म्हणत होता. कॅडी काही बोलला नाही. पुढे गेल्यावर त्यानं पायाखालचं गवत दाखवलं. ते सारखं कापलं जातं, त्यात देवदाराचं कोवळं रोपही जातं. म्हातारं झाड वादळात पडलं, तर त्याच्या जागी आपसूक दुसरं उगवत नाही. लावून, कुंपण घालून जपावं लागतं.

मग मी वर पाहायचं सोडून गवतातच रोपं शोधत फिरलो. दोन सापडली. दोन्ही कुंपणाच्या आत.