लहान वाहन, लांब वाट



आजचा विषय प्रवासाचा आहे. हा प्रवास परदेशातला, रस्त्याने केलेला, आणि ज्याच्यावर बसून एवढ्या दूर जाता येईल असे कोणाही व्यवहारी माणसाला वाटले नसते अशा वाहनाने केलेला आहे. नगरकरांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९७२ साली हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना बाजारात आणली ती याच शहरातून. पन्नास सीसीचे ते चिमुकले इंजिन एका माणसाला कामावर नेऊन परत आणावे एवढ्यासाठी होते. प्रत्यक्षात त्याच्यावर कापडाचे गठ्ठे गेले, दुधाचे कॅन गेले, पुढे मूल व मागे पत्नी अशी अख्खी कुटुंबे गेली. वाहन लहान आहे म्हणून काम अडवून ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही. मात्र तालुक्याच्या बाजाराला जाणे वेगळे आणि वाळवंट ओलांडणे वेगळे. ते वाळवंट साध्या सायकलीवरून ओलांडणाऱ्या मुंबईच्या तरुणांची हकीकत प्रथम पाहू.

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, केकी पोचखानावाला, गुस्ताद हाथीराम आणि नरिमन कापडिया ही त्यांची नावे. सहाही जण बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सदस्य, वयाने विशीतले, शरीराने धडधाकट. शरीर तयार होते. वाहन मात्र शहरातल्या रस्त्यांसाठी घडवलेले होते. आजच्यासारख्या अनेक गिअरच्या हलक्या सायकली तेव्हा नव्हत्या. चढ आला की पायांनी सोसायचा, तेथेही भागले नाही तर उतरून ढकलायचे. सामानही सायकलीला पेलवेल तेवढेच घेता येई.

पंजाब आणि बलुचिस्तानमार्गे ते इराणात पोहोचले आणि तेथून इराकात उतरले. पुढे बगदाद ते अलेप्पो हा मेसोपोटेमियाच्या वाळवंटाचा टप्पा होता. ९५६ किलोमीटरचे हे अंतर त्यांनी २३ दिवसांत तोडले. त्यांच्या वृत्तांतानुसार तेथील उष्णता ५७ अंशांच्या वर गेली होती. वाळूची वादळे होती, घसा कोरडा पडत होता. भर वाळवंटात सायकल ही सोबत राहत नाही, ती ओझे होते. वाळूत चाक रुतले की माणसालाच तिला ओढून न्यावे लागते. तरीही ते पार झाले. पुढे समुद्र ओलांडून इटली, आल्प्स पर्वत, युरोपातील देश आणि इंग्लंड असे करीत ते जहाजाने अमेरिकेस गेले. अमेरिका त्यांनी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सायकलीने ओलांडली. नंतर जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम आणि ब्रह्मदेश करून ते ईशान्येकडून मायदेशी परतले. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस पोहोचले तेव्हा सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास पूर्ण झाला होता. त्यांनी लिहिलेल्या ‘विथ सायक्लिस्ट्स अराउंड द वर्ल्ड’ या पुस्तकास पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली.

७१,००० हा आकडा ऐकून मन दिपून जाते. नगरहून पुण्याला सुमारे तीनशे वेळा जाऊन परत यावे एवढे हे अंतर. परंतु व्यापारी माणसाने मोठ्या आकड्याने दिपून न जाता त्याची फोड करून पाहावी. १५ ऑक्टोबर १९२३ ते १८ मार्च १९२८ या काळाचे दिवस होतात १,६१६. भागाकार केला तर रोजचे अंतर येते सुमारे ४४ किलोमीटर. नगरहून निघून राहुरीच्या थोडे पुढे जावे, एवढेच. जहाजाचे, मुक्कामाचे आणि अडून पडल्याचे दिवस यात धरलेले आहेत, म्हणून चालवण्याच्या दिवशी अंतर अधिक होत असणार. तरी मुख्य गोष्ट बदलत नाही. त्या भयंकर वाळवंटाचा हिशेब केला तर तेथेही दिवसाला सुमारे ४२ किलोमीटरच भरतात. म्हणजे एरवीची सरासरी आणि संकटातली चाल यांत फारसा फरक नाही. या तरुणांचा पराक्रम वेगाचा नव्हता. आज झेपेल तेवढे करायचे आणि उद्या पुन्हा निघायचे, हा नेम साडेचार वर्षे मोडला नाही, यात तो होता. दुकानाचे शटर रोज वेळेवर उघडणाऱ्याला या नेमाची किंमत निराळी समजावून सांगायला नको.

निघालेले सहा होते, परतले ते तीन. उरलेल्या तिघांची वाट सहसा कोणी विचारत नाही, म्हणून ती येथे सांगितली पाहिजे. नरिमन कापडिया वैयक्तिक कारणास्तव तेहरानहून परत फिरले. गुस्ताद हाथीराम यांना अमेरिका इतकी भावली की ते तेथेच राहिले. जिवाभावाचा सोबती मागे राहिल्याने केकी पोचखानावाला यांचे मन उडाले आणि तेही न्यूयॉर्कहून घरी परतले. या तिघांना अपयशी म्हणावे काय? मुंबईहून तेहरानपर्यंत सायकलीने जाणे हे त्या काळी, किंबहुना आजही, लहान काम नाही. माणसाला आपली मर्यादा वेळेवर कळली आणि तो सुखरूप घरी आला, तर त्यात कमीपणा कसला? धंद्यातही माल वेळेवर काढून टाकणारा बुडत नाही; भाव परत चढेल या हट्टाने धरून बसणारा बुडतो. घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलांना ‘जाऊ नकोस’ म्हणण्याऐवजी ‘वाटेत परतावेसे वाटले तर निःसंकोच परत ये’ एवढे सांगितले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

या सहा जणांची वाट पुढे इतरांनीही धरली. १९२४ साली मुंबईचेच क्रीडापत्रकार फ्रामरोझ दावर एकटे सायकलीने निघाले. व्हिएन्नात त्यांना गुस्ताव स्झटावियानिक हा ऑस्ट्रियन सोबती भेटला आणि दोघांनी मिळून सहारा वाळवंट व ॲमेझॉनचे अरण्य पालथे घातले. ते १९३१ मध्ये परतले, तेव्हा १,१०,००० किलोमीटर झाले होते. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ या तिघांनी १९३३ ते १९४२ या काळात ८४,००० किलोमीटर प्रवास केला. या मंडळींची आठवण अनेक दशके पुसट झाली होती. अनुप बबानी आणि साविया व्हिएगस या गोव्यातील दांपत्याने परिश्रमपूर्वक ती पुन्हा लोकांपुढे आणली, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

आता दोन चाकांवरून तीन चाकांवर येऊ. येथे नगरचा संबंध अधिक जवळचा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई विधानसभेचे अध्यक्ष असलेले नगरचे विधिज्ञ कुंदनमल तथा भाऊसाहेब फिरोदिया आपणा सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगला. स्वराज्य आले तरी माणसाने माणसाला ओढून न्यावे, हे त्यांच्या मनाला पटेना. इटलीच्या पियाजो कंपनीच्या तीनचाकी मालवाहू गाडीचे चित्र पाहून त्यांना कल्पना सुचली, असे सांगितले जाते. जी गाडी माल नेते ती माणसेही नेईल, या विचारातून आपल्या देशातील ऑटोरिक्षा आकारास आली. म्हणजे रिक्षा जन्मली तीच मुळी एका वाहनाला त्याचे नसलेले काम देऊन.

तरी ती होती शहरातील थोड्या अंतरासाठी. चाके लहान, दोन्ही बाजू उघड्या, वळणावर कलण्याची भीती. अशाच एका रिक्षाने २०१६ साली नवीन रबेली हा भारतात जन्मलेला, ऑस्ट्रेलियाचा नागरिक असलेला अभियंता बंगळूरहून लंडनला गेला. वाहतुकीच्या कोंडीत धूर ओकणाऱ्या रिक्षांच्या गराड्यात अडकला असताना त्याला ही कल्पना सुचली. पियाजोचीच डिझेल रिक्षा विकत घेऊन त्याने ती विजेवर चालणारी केली, छतावर सौरपट्ट्या बसवल्या, आत झोपण्यापुरती जागा केली आणि तिला ‘तेजस’ असे नाव दिले. फेब्रुवारीत बंगळूर सोडून तो मुंबईस आला. १९२३ मध्ये पंजाब-बलुचिस्तानातून सरळ इराणात जाता आले होते. २०१६ मध्ये तो मार्ग व्यवहारात उरला नव्हता, म्हणून रिक्षा मुंबईहून जहाजाने इराणला न्यावी लागली. तेथून तुर्कस्तान, बल्गेरिया, सर्बिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स असा तिचा मार्ग होता. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ त्याचे पारपत्र आणि पैशांचे पाकीट चोरीस गेले. तातडीचे पारपत्र काढून तो सप्टेंबरात इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला. एकूण सुमारे १०,००० किलोमीटर, सात महिने. रोजची सरासरी काढली तर येते ४६ किलोमीटरांच्या आसपास! मध्ये ९० वर्षांहून अधिक काळ लोटला, वाहन बदलले, इंधन बदलले; रोजची मजल जवळजवळ तीच राहिली.

या प्रवासाचा आणखी एक धडा आहे. वेगवान मोटारीतला माणूस काच वर करून गावामागून गाव मागे टाकतो. रिक्षा किंवा सायकलवाल्याला थांबावेच लागते. पाणी मागावे लागते, विजेची जोडणी मागावी लागते, रात्रीच्या आसऱ्यासाठी दार ठोठवावे लागते. इराणसारख्या देशात ती छोटी रिक्षा पाहायला, तिच्यासोबत छायाचित्र काढून घ्यायला लोक आपुलकीने जमत, असे रबेलीने सांगितले आहे. मोठ्या गाडीजवळ अनोळखी माणूस सहसा बिचकत येतो. लहान गाडीजवळ तो हसत येतो. ज्याला मागावे लागते त्याचा अहंकार आपोआप उतरतो, आणि ज्याच्याकडे मागितले त्याला देण्याचा आनंद मिळतो. अपुऱ्या वाहनाचा हा लाभ कोणत्याही कारखान्याच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

मात्र यावरून कोणी तरुणाने उद्याच स्कूटरला किक मारून सीमेकडे निघू नये. वाहन लहान असले तरी तयारी लहान असून चालत नाही. पारपत्र आणि प्रत्येक देशाचा प्रवेशपरवाना हवा. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना हवा. अनेक देशांत वाहन नेताना ‘कार्ने’ नावाचे सीमाशुल्काचे हमीपत्र लागते. हे वाहन तेथे विकले जाणार नाही, परत नेले जाईल, अशी ती हमी असते. वाहन स्वतः उघडून दुरुस्त करता आले पाहिजे. रबेली अभियंता होता आणि आपले वाहन त्याने स्वतःच्या देखरेखीखाली बदलले होते. मुंबईच्या सहा तरुणांनी शरीर आधी कमावले होते. साहस आणि अविचार दिसायला जुळी भावंडे. त्यांच्यातला फरक निघण्यापूर्वीच्या हिशेबात असतो.

आपल्या समाजात मुलगा वा मुलगी काही निराळे करायचे म्हणाली की पहिला प्रश्न येतो, ‘तुझ्याजवळ त्यासाठी आहे काय?’ प्रश्न योग्यच आहे. फक्त त्याचे उत्तर भांडवल आणि मोठे वाहन यांतच शोधू नये. रोजचे ४४ किलोमीटर नेमाने जाण्याची तयारी आहे का, हातात दुरुस्तीचे कौशल्य आहे का, अनोळखी माणसापुढे नम्रपणे उभे राहता येते का, आणि गरज पडली तर परत फिरण्याचा शहाणपणा आहे का, हे विचारावे. या चारही प्रश्नांना होकार मिळाला, तर वडीलधाऱ्यांनी वाट अडवू नये. शिदोरी बांधून द्यावी.