आजोबांची रायफल : पारख, दुरुस्ती आणि जबाबदारी



गोदाकाठच्या गेवराई-माजलगाव पट्ट्यातील आणि बालाघाटाच्या कुशीतील आष्टी-पाटोदा भागातील काही जुन्या घरांत खंडेनवमीच्या दिवशी पाटावर एक रायफल मांडली जाते. तिला हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूचे फूल ठेवले जाते आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माळवदाखालच्या कोनाड्यात किंवा लोखंडी कपाटात जाते. वर्षातील उरलेले दिवस तिच्याकडे कोणी पाहत नाही. ज्या आजोबांच्या नावावर तिचा परवाना होता ते थकलेले असतात किंवा निवर्तलेले असतात. मुलगा संभाजीनगरला किंवा पुण्याला नोकरीस असतो. मग एके दिवशी पोलीस ठाण्यातून विचारणा होते आणि घरात प्रश्न उभा राहतो : या रायफलीचे करायचे काय?

बहुतेक घरांतील ही रायफल एकाच जातकुळीची असते. .३१५ बोरची, एका वेळी एक काडतूस नळीत घेणारी, हाताने बोल्ट ओढून पुन्हा भरावी लागणारी. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याची ही निर्मिती. जेम्स पॅरिस ली या संशोधकाच्या रचनेवर ब्रिटिशांची ली-एनफिल्ड रायफल उभी राहिली आणि ईशापूरच्या शिकारी रायफलीने तीच बांधणी उचलली. मात्र बोर बदलला, आणि त्यामागे धोरण होते. सैन्याचे .३०३ काडतूस नागरिकांच्या हाती पडू नये म्हणून परकीय सरकारने हिंदुस्थानात खासगी शस्त्रांसाठी वेगळ्या मापाचा आग्रह धरला. .३१५ म्हणजे सुमारे आठ मिलिमीटर. ते काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या मॅनलिकर घराण्याचे. स्वातंत्र्यानंतरही .३०३ नागरिकांसाठी निषिद्ध राहिला आणि .३१५ ही सामान्य ऐपतीच्या परवानाधारकाची रायफल ठरली. विलायती मॉझर किंवा रिग्बी संस्थानिकांकडे, ईशापूरची .३१५ पाटलांकडे, अशी जणू वाटणीच झाली होती.

ती घेतली गेली तेव्हाचा काळही ध्यानात घ्यावा. बीड १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. रझाकारांच्या दहशतीच्या दिवसांत गावोगावच्या माणसांनी ठासणीच्या बंदुका आणि कुऱ्हाडी घेऊन रात्री जागवल्या होत्या. त्या पिढीच्या मनात घरातले शस्त्र म्हणजे मिरवण्याची वस्तू नव्हती. पुढे शिकारीचा छंद त्याला येऊन चिकटला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तोही संपला. काळवीट, हरीण, मोर यांच्यावर नेम धरणे हा तेव्हापासून गंभीर गुन्हा आहे. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य ज्या जिल्ह्यात आहे, तेथे हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये. उसात आणि तुरीत घुसणाऱ्या रानडुकराबाबतसुद्धा आधी वन विभागाची लेखी परवानगी लागते. घरात परवानाधारक रायफल आहे एवढ्याने ती मिळत नाही. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यातील सुर्डी-किन्ही परिसरात बिबट्याने माणसांचे बळी घेतले तेव्हाही तो बिबट्या १८ डिसेंबरला करमाळा तालुक्यात मारला गेला तो वन विभागाच्या आदेशानेच.

म्हणून पारख करण्यापूर्वी कागद पाहावेत. परवानाधारकाचे निधन झाले असेल तर त्या क्षणापासून ती रायफल कोणाच्याही कायदेशीर ताब्यात नसते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाने अर्ज करावा, परवाना मिळाल्यावर ती परत घ्यावी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी एक सोयही केली आहे : धारक सत्तर वर्षांचा झाला असेल किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. आजोबा बसते-उठते असतानाच हे काम उरकणे सर्वांत शहाणपणाचे. विनापरवाना शस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावासाची आहे. ‘घरातलीच तर आहे’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडे दोनपेक्षा अधिक शस्त्रे ठेवण्यास मनाई केली. वापरलेली रायफल दुसऱ्या परवानाधारकाकडून विकत घेताना विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते, हेही व्यवहार ठरवताना विसरू नये.

आता रायफलीकडे वळू. हातात घेताच पहिले काम एकच : मॅगझिन काढावे, बोल्ट मागे ओढावा, नळीच्या मुखाशी असलेल्या खोबणीत डोळ्याने पाहावे आणि बोटानेही चाचपावे. ‘रिकामीच आहे’ असे कोणी कितीही खात्रीने सांगितले तरी हे करावेच. कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या रायफलीत काडतूस राहून जाऊ शकते.

मग क्रमांक. बॉडीवर एक क्रमांक असतो आणि बोल्टच्या दांड्यावर एक. दोन्ही जुळले पाहिजेत, आणि परवान्यावरही तोच हवा. ली-एनफिल्डचा बोल्ट त्या त्या रायफलीस बसवलेला असतो. एकाचा बोल्ट दुसरीत सरकतो, परंतु काडतुसाच्या बुडाशी राहणारे अंतर बिघडते. ते अंतर वाढले तर गोळी सुटताना काडतुसाचे पितळ ताणले जाऊन तुटू शकते आणि तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. चार रायफली एकत्र साफ करताना बोल्टची अदलाबदल झाली, एवढे साधे कारणही त्यास पुरते. क्रमांक घासून गेलेला, पुन्हा कोरलेला किंवा वाचता न येणारा असेल तर ती रायफल कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. कलम ८ असे गृहीत धरते की, ज्याच्या ताब्यात ती आहे त्यानेच क्रमांक पुसला. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो.

नळी पाहण्यासाठी बोल्ट काढून मागच्या बाजूने उजेडाकडे पाहावे. आतील वळणदार खाचा तीक्ष्ण आणि चकचकीत दिसल्या तर उत्तम. काळपट दिसल्या तर निराश होऊ नये, कारण ती कदाचित वर्षानुवर्षांची काजळी असते. देवीचे वण असावेत तसे खड्डे दिसले तर मात्र ते जाणार नाहीत. हे खड्डे पडतात कसे? जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत क्षार उरतो. मिठाप्रमाणे तो हवेतील ओल शोषतो, आणि मृगाची सर येताच आत गंज धरू लागतो. तेलाने हा क्षार विरघळत नाही, पाण्याने विरघळतो. म्हणूनच जुने शिकारी रायफल चालवल्यावर नळीत आधी उकळते पाणी ओतत, कोरडी करत आणि मग तेलाची चिंधी फिरवत. मुलांनी ते पाहिले, पण कारण कोणी सांगितले नाही. पुढच्या पिढीने पाणी टाळले, नुसते तेल दिले आणि नळ्या खाल्ल्या गेल्या.

नळीच्या पुढच्या तोंडाची कडही बोटाने तपासावी. पुढून गज घालून साफ करण्याची सवय असलेल्या हातांनी ही कड झिजवलेली असते, आणि आतील नळी चांगली असूनही गोळी भरकटते. ही रचना बोल्ट काढून मागून साफ करण्याजोगी आहे, मग पुढून गज घालण्याचे कारणच काय?

चाप ओढल्यावर सेफ्टी खटका खरोखर रोखतो का, बोल्ट जोराने बंद केल्यावर घोडा आपोआप सुटत तर नाही ना, काडतूस बाहेर खेचणाऱ्या नखाची स्प्रिंग मेली आहे का, हे सारे रिकाम्या रायफलीवर पाहता येते. पैकी नख आणि स्प्रिंग हे किरकोळ दुखणे. सेफ्टी किंवा चापाची झीज असेल तर तेथे घरच्या माणसाचा अधिकार संपतो.

शस्त्राची दुरुस्ती आणि चाचणी हे दोन्ही कायद्याने परवान्याचे व्यवसाय आहेत. गावातील लेथवाला किंवा वेल्डिंगवाला कितीही कसबी असो, त्याच्याकडे रायफल नेणे हा त्याच्यासाठी आणि मालकासाठी गुन्हा आहे. शिवाय वेल्डिंगच्या आचेने पोलादाची घडण बिघडते. लांब नळी अडचणीची वाटते म्हणून कापून घेणे तर कलम ६ खाली स्वतंत्रपणे निषिद्ध आहे. परवानाधारक कारागीर रायफल बांधून, दुरून दोरीने चाप ओढून पहिला बार काढतो आणि रिकामे पितळ हातात घेऊन निदान करतो. बुडाजवळ चकचकीत कडे दिसले किंवा टोपी बाहेर सरकलेली आढळली, तर बोल्टचे अंतर वाढले असे समजावे. वैद्याने नाडी पाहावी तसे हे पाहणे आहे.

मालकाने करावयाचे काम उरते ते स्वच्छतेचे आणि लाकडाचे. दस्त्यास सँडपेपर लावण्याचा मोह सर्वांना होतो. तो आवरावा. लाकूड घासून खाली गेले की धातू वर राहतो आणि जोड सैल होतात. दस्त्याला खोच पडली असेल तर धातूचे भाग उतरवून ओले फडके ठेवावे आणि वरून गरम इस्त्री टेकवावी. वाफेने दबलेले तंतू पुष्कळसे वर येतात. नंतर जवसाचे तेल तळहाताने चोळावे, अगदी पातळ, आणि एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. या बांधणीचा मागचा दस्ता एका लांब बोल्टने आवळलेला असतो. त्याचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत अडकते. पुढचे लाकूड आधी न उतरवता मागचा बोल्ट फिरवला तर पुढचे लाकूड उभे चिरते. अशा चिरलेल्या रायफली पुष्कळ, आणि प्रत्येकीचा मालक लाकडाला दोष देतो!

वरचा गंज अत्यंत बारीक स्टीलवूल तेलात बुडवून हलक्या हाताने काढावा, कारखान्याच्या मुद्रांवर तोही फिरवू नये. तेल शिलाई मशीनचे चालेल, खास शस्त्राचे मिळाले तर अधिक चांगले. खोबरेल मात्र नको. ते बीडच्या थंडीत थिजते आणि बोल्ट जड होतो. करडईचे तेल चिकट पापुद्रा धरते. आणि पूजेविषयी एक सूचना, श्रद्धेस बाधा न आणता : ओले गंध आणि पाणी शिंपडलेली फुले रात्रभर धातूवर राहू देऊ नयेत. दसऱ्याच्या पूजेचे डाग दिवाळीपर्यंत लाल होतात. कोरडी अक्षता वाहावी आणि सीमोल्लंघनाहून परतल्यावर रायफल पुसून ठेवावी.

काडतुसांबाबत कठोर राहणे भाग आहे. हिरवी पडलेली, ओल लागलेली जुनी काडतुसे चालवून संपवू नयेत. ती जमा करावीत. नवी घ्यावीत ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच आणि नोंदीसह. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात कंपन्यांत विभाजन झाल्यावर तो आणि ईशापूर वेगवेगळ्या सरकारी कंपन्यांकडे गेले. .३१५ च्या काडतुसांना गावठी कट्ट्यांच्या बाजारात मागणी असते, कारण पुष्कळ कट्टे याच मापाचे घडवले जातात. ओळखीच्या माणसाने मागितलेली ‘दोन-चार’ काडतुसे कोठे पोहोचतील याची शाश्वती नसते. म्हणून प्रत्येक काडतुसाचा आणि रिकाम्या पितळाचाही हिशेब वहीत असावा.

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि बीडच्या शस्त्र परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. छाननी झाली, अनेक परवाने रद्द झाले. वरातीत हवेत बार काढणे किंवा कमरेचे शस्त्र दाखवत चित्रफीत पसरवणे यांतून ज्यांची नावे पुढे आली, त्यांच्यामुळे खऱ्या गरजवंत शेतकऱ्याच्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. आनंदाच्या गोळीबारास २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, हे वऱ्हाडी मंडळींना आधीच सांगून ठेवलेले बरे.

ज्या घरात रायफल सांभाळणारे कोणी उरलेले नाही, तेथे ती दुरुस्त करण्याचा खर्चही करू नये. नळी खड्ड्यांनी भरलेली, बोल्ट दुसऱ्याचा आणि वारस परगावी असेल, तर ती रीतसर जमा करून पावती घ्यावी आणि ती पावती परवान्याच्या पुस्तिकेसोबत जपून ठेवावी. नळी चांगली, क्रमांक जुळते आणि घरात परवाना घेण्यास पात्र, शांत स्वभावाचे माणूस असेल तर कारागिराकडे पाठवावी. पाठवताना परवान्याची प्रत सोबत द्यावी, बोल्ट आणि रायफल वेगवेगळ्या पिशव्यांत असावेत, आणि काडतुसे घरीच कुलपात राहावीत.