मधले महिने

अभियांत्रिकीच्या पदवीधरांची 'गेट' परीक्षा फेब्रुवारीत होते, एम. टेक.चे वर्ग जुलै-ऑगस्टात भरतात. 'गेट'मधून प्रवेश मिळाला की बहुतेक ठिकाणी दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती असते. अडचण आहे ती त्याआधीच्या महिन्यांची. खोलीभाडे आणि खानावळ कुणासाठी थांबत नाही.

मुलगा काम मागायला जातो. "किती दिवस टिकणार?" असे त्याला विचारतात. खरे सांगितले तर नकार. खोटे सांगावे तर मन खाते. आणि विचारणारा कोण? कंत्राटदारामार्फत माणसे घेऊन ११ महिन्यांनी काढणारा! आमची स्वतःची शाळा अर्ध्यावर सुटली, तेव्हा आमचा कल कुणीकडे हे उघडच आहे. मालकांपाशी आमचे मागणे एवढेच: राबेल तितक्या महिन्यांचा पुरता पगार आणि परीक्षेपुरती रजा. पुढे तो जाईल. जाऊ द्या की!