रेंज गेली, पण तक्रार कुठाय?

(गावातल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी रेंजवर बोलणार आहे. हसू नका.

रेंज गेली की आपण काय करतो? फोन बंद करून चालू करतो. मग माळ्यावर जातो. मग शेजाऱ्याला हाळी देतो, "तुझ्याकडं हाय काय रं?" त्याच्याकडंही नसली की उगीच बरं वाटतं, आणि विषय तिथंच मिटतो.

पण रेशन दुकानात अंगठा उठत नाही म्हणून म्हातारी माणसं मोकळ्या पिशव्या घेऊन परत येतात. ओटीपी येत नाही म्हणून स्कॉलरशिपचा फॉर्म अडतो. रात्री कुणाच्या छातीत दुखलं तर 108 ला फोन लागायला पाहिजे की नको? म्हणजे रेंज ही आता चैन राहिलेली नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडं एका कंपनीची सेवा चार दिवस बंद होती. आईनं दुसऱ्या फोनवरून कस्टमर केअरला फोन लावला. कन्नड, हिंदी, इंग्रजी असे पर्याय आले. आईला हिंदी कळते, पण भांडण्याइतकी येत नाही. तिनं फोन ठेवला. मग मी हिंदीत बोलून तक्रार नोंदवली आणि नंबर घेतला. नंतर गल्लीत विचारत फिरलो. शिव्या सगळ्यांकडं होत्या, तक्रारीचा नंबर एकाकडंही नव्हता. कंपनीच्या कागदावर आमच्या गल्लीतून गेलेली तक्रार एकच.

आता नियम बघा. ट्रायने 2024 मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. मोठा बिघाड 24 तासांपेक्षा जास्त चालला तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना मुदतवाढ द्यायची, असं त्यात आहे. ऐकायला छान वाटतं. पण हा बिघाड मोजायचा कसा, तर जिल्हा हे एकक धरून. आपला बेळगाव जिल्हा केवढा? इकडं निपाणी, खानापूर; तिकडं अथणी, सौंदत्ती, रामदुर्ग. निपाणी तालुक्यातली तीन गावं आठवडाभर बंद राहिली तरी जिल्हा 'चालूच' असतो. शिवाय बिघाड नैसर्गिक आपत्तीमुळं झाला असेल तर ही सूट लागू होत नाही. 2019 चा महापूर आठवा. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, कोल्हापूरची वाट बंद झाली. फोनची सगळ्यात जास्त गरज असते ती अशाच वेळी.

म्हणजे लहान गावाचा बिघाड आपोआप कुणाला दिसत नाही. तो दिसतो फक्त आपण नोंदवलेल्या तक्रारीतून. म्हणून वाट नीट समजून घ्या.

पहिली पायरी: 198 वर फोन. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवायचा नाही. "साहेब, काम चालू आहे" हे उत्तर म्हणजे तक्रार क्रमांक नव्हे.

दुसरी पायरी: काम झालं नाही तर 30 दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडं अपील. फी नाही. निकाल 39 दिवसांत द्यावा लागतो. इथं आपल्या भागाची एक गोची आहे. अपिलाची सोय टेलिकॉम सर्कलप्रमाणं असते. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, कोल्हापूर महाराष्ट्र सर्कलमध्ये. सिम कोल्हापूरचं आणि राहणं निपाणीत, असे आपल्यात कितीतरी जण आहेत. त्यांनी तक्रारीत गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य स्पष्ट लिहावं, नाहीतर कागद सीमेवरच फिरत राहील.

तिसरी पायरी: केंद्राच्या दूरसंचार विभागाकडं सार्वजनिक तक्रार. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथं वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. टेलिकॉमची तक्रार तिथं चालत नाही असं सांगितलं जायचं. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं ती चालते असा निकाल दिला. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात फी नाही.

आणि भाषा? संविधानाचं कलम 350 आपण परीक्षेपुरतं पाठ करतो. ते सांगतं, गाऱ्हाणं मांडण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडं, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करता येतो. खाजगी कंपनीच्या कॉल सेंटरला हे कलम बांधत नाही, हे खरं. पण दूरसंचार विभागाला बांधतं. माझ्या आईला तिथं मराठीत लिहिण्याचा हक्क आहे. हे कुणाच्या विरोधात नाही. शेजारच्या कन्नड घरातली रेंजही त्याच दिवशी गेली होती. त्यांनी कन्नडमधून लिहावं, आपण मराठीतून लिहू. टॉवर एकच आहे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावात दोघांनी एक वही ठेवा. तारीख, किती वाजता गेली, किती वाजता आली, कंपनी, तक्रार क्रमांक. ज्यांना फोनवर बोलता येत नाही, त्यांच्या शेजारी बसून तक्रार नोंदवा. कंपन्यांना आता कव्हरेजचा नकाशा वेबसाइटवर दाखवावा लागतो. त्यात आपलं गाव रंगवलेलं असेल आणि वहीत कोरं असेल, तर दोन्ही कागद एकत्र जोडून पाठवा.

1981 साली याच निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी हायवे अडवला होता. आपल्याला रस्ता अडवायचा नाही. चाळीस घरांतून चाळीस तक्रार क्रमांक पुरेत. एका तक्रारीला "तांत्रिक अडचण" म्हणून मिटवता येतं, चाळीस एकाच दिवशी, एकाच गावातून आल्या की उत्तर लेखी द्यावं लागेल.

वही मी आणली आहे. जाताना आपापल्या गावाचं नाव लिहून जा.