कोळंबी : आधी गार ठेवा, मग खारवा



भातकापणी आटोपली की आपल्याकडे खाजणात खाडीचं पाणी घेतात. त्याबरोबर कोळंबीही येते. ओहोटीला उघाडीवर जाळं लावलं की घरापुरती कोळंबी सहज मिळते.

गेल्या हंगामात अशाच एका गावी गेलो होतो. एका घरी सकाळी धरलेली कोळंबी दुपारपर्यंत बांधावर टोपलीतच राहिली. संध्याकाळी मीठ चोळून तिचं कालवण केलं. रात्री दोन मुलांना उलट्या सुरू झाल्या. मुलं बरी झाली, पण त्यांची आई मला म्हणाली, "साहेब, मीठ तर मूठभर लावलं होतं!"

बंधुभगिनींनो, इथेच आपली चूक होते. थोड्या वेळच्या मिठाने नासलेली कोळंबी सुधारत नाही. शिजवल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. म्हणून पहिलं काम मिठाचं नाही, गारव्याचं आहे. कोळंबी सावलीत ठेवा, तिला बर्फ लावा आणि डोकी लवकर काढा. डोक्यातल्या पाचक रसांनी मांस लवकर मऊ पडतं. उग्र, झोंबणारा वास आला किंवा अंग बुळबुळीत लागलं, तर ती कोळंबी टाकून द्या. पैशाकडे पाहू नका.

मग मीठ कशाला? तर चवीसाठी आणि रसासाठी. आचेवर मांस आवळतं, पाणी सुटतं आणि कोळंबी चिवट होते. मिठाच्या पाण्यात मुरली की मांस पाणी धरून ठेवतं.

कृती सोपी आहे. अर्धा किलो सोललेली कोळंबी घ्या. पाठीला चीर देऊन काळा दोरा काढा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. १ लिटर पिण्याच्या गार पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा. समुद्राचं पाणी साधारण एवढंच खारट असतं. भांडं स्टीलचं किंवा चिनी मातीचं घ्या, तांब्या-पितळेचं नको. त्यात कोळंबी २० मिनिटं ठेवा. मासळीसाठी आणलेला बर्फ पाण्यात टाकू नका, भांड्याच्या बाहेरून लावा. नंतर कोळंबी निथळून घ्या. ते पाणी पुन्हा वापरू नका.

आता कालवण. मसाला, खोबऱ्याचं वाटण आणि आमसूल आधी उकळून घ्या. मीठ मात्र घालू नका, शेवटी चाखून घाला. कोळंबी सर्वांत शेवटी सोडा. मध्यम आकाराच्या कोळंबीला ३-४ मिनिटं पुरतात. मांसाचा काचेसारखा रंग जाऊन आतपर्यंत पांढरट-गुलाबी झालं आणि कोळंबी कोयत्यासारखी वाकली, की टोप उतरवा. घट्ट वेटोळं झालं, तर समजा, जास्त शिजली.

घरात कुणाला रक्तदाबाचा त्रास असेल, तर त्यांची कोळंबी न खारवता वेगळी शिजवा. कोळंबी खाऊन कुणाच्या अंगावर गांध्या उठत असतील किंवा धाप लागत असेल, त्यांना ती देऊच नका.

तेव्हा घरी एवढं सांगून ठेवा : जाळ्यातून काढली की गारवा, चुलीआधी मीठ, आणि चुलीवर घाई नको, पण उशीरही नको.